दोन सुयांवर चिमणाळं: नवशिकीला जमेल का?

रानजाई

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना लागलाय. दुपटी, झबली, टोपडी, लाळेरी असा सगळा बाळंतविडा आई करतेच आहे. मला मावशी म्हणून एक खेळणं विणून द्यायचंय, आणि ते भरपूर रंगांचं हवंय. फिकट गुलाबी आणि फिकट निळ्याच्या पलीकडचं.

मला येतं ते एवढंच: टाके घालणं, सुलट टाका, टाके बंद करणं. उलट टाका नुकताच शिकलेय, पण हात अजून बसलेला नाही. एक मफलर पूर्ण केलाय, सगळ्या ओळी सुलट.

आधी मनात पट्ट्यापट्ट्यांचा जिराफ होता. एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ आहे, त्यात ८ नंबरच्या सुया सांगितल्यात. मान, पाय, शिंगं वेगवेगळी विणून जोडायची. दुसरा विचार चिमणाळ्याचा, म्हणजे पाळण्यावर टांगायच्या चिमण्यांच्या खेळण्याचा. आमच्या माहेरच्या पाळण्यावर कापडी चिमण्यांचं होतं, तसंच लोकरीचं करता येईल का? बारशाला सांगलीला जायचंय, तोवर हातात हवं.

अजून एक. सासूबाईंच्या ट्रंकेत जुन्या लोकरीच्या खूप गुंड्या आहेत. लाल, हळदी, मोरपिशी, असे रंग आता मिळत नाहीत. डांबराच्या गोळ्यांमुळे कसर अजिबात लागलेली नाही. त्याच वापराव्यात असं म्हणतेय. कुणी मार्ग दाखवाल का?

उलटसुलट

जिराफ पुढच्या वाढदिवसाला ठेव. विणायला तो फार अवघड नसतो, जोडायला असतो. चार पाय सारख्या लांबीचे व्हायला लागतात, आणि लांब मान भरणीवर उभी राहायची तर वीण एकसारखी घट्ट हवी. नवीन हाताची वीण एका तुकड्यात घट्ट आणि दुसऱ्यात सैल येते. मफलरमध्ये ते दिसत नाही, जिराफाच्या पायात लगेच दिसतं.

चिमणाळ्यात प्रत्येक चिमणी स्वतंत्र. एक थोडी मोठी, एक थोडी लहान झाली तरी शोभते. शिवाय एक चिमणी पूर्ण झाली की काहीतरी पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं आणि पुढची विणायला हुरूप येतो. माझं मत स्पष्टपणे चिमणाळ्याला.

आता सुयांचं. अमेरिकन ८ नंबर आणि आपला ८ नंबर या वेगळ्या सुया आहेत. आपल्याकडे जुनी ब्रिटिश मोजणी चालते, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची. व्हिडिओ बघून इथल्या दुकानात ८ नंबर मागितली तर चांगली एक मिलिमीटर बारीक सुई हातात पडेल. म्हणून दुकानात नंबर सांगू नकोस, मिलिमीटर सांग. बहुतेक सुयांच्या टोपणावर दोन्ही छापलेलं असतं.

खेळण्यासाठी नेहमी लोकरीच्या वेष्टनावर दिलेल्या सुईपेक्षा एक-दोन नंबर बारीक सुई घ्यायची. वेष्टनावरची सुई स्वेटरसाठी असते, वीण अंगावर मऊ पडावी म्हणून. खेळण्यात आत भरण असते. वीण सैल असेल तर पांढरी भरण टाक्यांमधून डोकावते आणि काही दिवसांनी बाहेर यायला लागते.

तुळसवृंदा

रानजाई, बाकी सगळं नंतर, आधी ट्रंकेतल्या लोकरीबद्दल. ती बाळासाठी वापरू नका, अगदी काकुळतीनं सांगते.

मी नवजात बालकांच्या विभागात काम करते. डांबराच्या जुन्या गोळ्या म्हणजे बहुतेक वेळा नॅफ्थलीन. काही बाळांमध्ये जी६पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. अशा बाळाच्या शरीरात नॅफ्थलीनची वाफ श्वासातून किंवा कपड्यातून कातडीवाटे गेली की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात आणि कावीळ भराभर चढते. नवजात बाळात ती मेंदूपर्यंत पोचू शकते. हे विकर कमी आहे हे घरात बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं, कारण एरवी त्रास काहीच होत नाही. मुलग्यांमध्ये हे प्रमाण जास्त, कारण दोष एक्स गुणसूत्रावर असतो.

धुऊन, उन्हात वाळवून वास गेला तरी लोकरीत काही उरलं नाही अशी खात्री देता येत नाही. हेच ट्रंकेतल्या जुन्या दुपट्यांना आणि गोधड्यांनाही लागू आहे. आईला पण सांगा. पिढ्यान् पिढ्या बाळंतविड्याचे कपडे गोळ्या घालून जपून ठेवायची पद्धत आहे, आणि ते प्रेमानंच केलेलं असतं, पण बाळाजवळ गोळ्यांतले कपडे नकोत.

त्या सुंदर लोकरीचं घरातल्या मोठ्यांसाठी काहीतरी विणा.

रानजाई

तुळसवृंदाताई, किती आभार मानू! हे मला ठाऊकच नव्हतं. आईला लगेच फोन केला. तिनं माझ्याच लहानपणीची कुंची आणि दुपटं ट्रंकेतून काढून ठेवलं होतं, तेही आता बाजूला ठेवलंय. सासूबाईंनाही सांगितलं, त्या म्हणाल्या की त्या लोकरीची मला शाल करून दे.

म्हणजे चिमणाळं नक्की आणि लोकर नवी. पुढच्या आठवड्यात कामासाठी पुण्यात येणार आहे, तिथूनच घेईन. कोणती घेऊ आणि किती?

माईनाशिक

रानजाई, शाब्बास. चिमणाळं विणून देणारी मावशी बाळाला मिळतेय, बाळ भाग्याचं.

मी सांगते तसं कर. एका चिमणीला एक चौकोन, बाकी काही नाही. १० नंबरच्या सुया, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. १८ टाके घाल. सगळ्या ओळी सुलट, मफलरला केल्या तशाच. दोन ओळी झाल्या की एक उभारलेली आडवी रेघ दिसते. अशा रेघा मोजायच्या, ओळी मोजत बसू नकोस. १८ टाके आणि १८ रेघा झाल्या की चौकोन. सगळ्या ओळी सुलट विणल्या की टाक्यांइतक्याच रेघांना बरोबर चौकोन होतो, मोजपट्टी लागत नाही. शंका आली तर एक कोपरा दुमडून समोरच्या काठावर ठेव, काठ जुळले की झालं. साधारण साडेसात सेंटिमीटरचा होईल.

टाके बंद करताना हात सैल सोड. घट्ट बंद केलेस तर तो काठ आखडतो आणि चौकोनाचं एक अंग तोकडं होतं. हात सैल सुटत नसेल तर बंद करायच्या ओळीला उजव्या हातात ८ नंबरची सुई घे.

मग चौकोन तिरका दुमडायचा, त्रिकोण होईल. बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई घेऊन दोन्ही उघडे काठ शिवायचे, शेवटची दोन बोटं जागा उघडी ठेवून भरण भरायची आणि मग ती जागा बंद करायची. एक अणकुचीदार टोक चोच. ते नारिंगी लोकरीनं गुंडाळल्यासारखं भरून काढ. दुसरं टोक शेपटी, तिथे भरण घालायची नाही, शेपटीच्या मुळाशी दोरा ओवून जरा आवळायचा, म्हणजे शेपटी पसरते. पंखांना ८ टाके आणि ८ रेघांचे दोन छोटे चौकोन, तिरके दुमडून दोन्ही बाजूंना एकेक शिवायचे. डोळे काळ्या दोऱ्यानं भर. मणी नकोत, बटणं नकोत.

चार चिमण्या कडेला, एक मधोमध जरा खाली. पाच पुरे.

साखळीखांब

माझ्या मते हे क्रोशानं कितीतरी लवकर होईल. भरलेली खेळणी क्रोशानंच जास्त करतात, जपानी अमिगुरुमी, म्हणजे छोटी भरलेली खेळणी, सगळी मुक्या खांबांची, क्रोशाच्या साध्या बुटक्या टाक्याची असते. वीण आपोआप घट्ट येते, गोल आकार एकाच सुईवर फिरत फिरत होतो, शिवण जवळजवळ नाही. टाका सुटायची भीती नाही, कारण सुईवर एकच टाका असतो. रानजाई, मी शिकवायला तयार आहे, खरंच.

माईनाशिक

साखळीखांब, तुझं म्हणणं खरं आहे, गोल खेळण्यात क्रोशाचा हात कुणी धरत नाही. पण ती दोन सुयांवर शिकतेय आणि बारसं जवळ आलंय. नवी कला शिकून मग खेळणं, एवढा वेळ तिच्यापाशी नाही. चौकोन तर तिला येतोच.

पेठकर

रानजाई, पुण्यात तुळशीबागेत लोकर मिळेल. लाकडी रिंगसाठी बोहरी आळीत जा, भरतकामाची गोल फ्रेम घ्या. तिच्या दोन रिंगा असतात, बाहेरचीला स्क्रू असतो. आपल्याला फक्त आतली लागते. साधारण २० सेंटिमीटर व्यासाची पुरे. रंगवू नका, हवं तर लोकर घट्ट गुंडाळून झाका.

लोकर म्हणून दुकानात जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, लुधियानाच्या गिरण्यांतलं. चिमणाळ्याला ते चांगलंच. वजनाला हलकं, धुवायला सोपं, कसर लागत नाही, आणि रंग भडक आणि पक्के मिळतात. सुती धागाही मिळतो, पण त्याला ताण नसतो, नवीन हाताला बोटं दुखतात. ४ प्लायच्या, म्हणजे चार पदरी, छोट्या गुंड्या घ्या, रंग जास्त आणि प्रत्येक रंग थोडा. एवढ्याशा चिमणीला लोकर फारच कमी लागते.

गडद लाल आणि गडद निळा घेतलात तर एक काम घरी आल्यावर करा. लोकरीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून ठेवा, वाळल्यावर बघा. कापडाला रंग लागला तर ती गुंडी बाळासाठी नको, आणि पांढऱ्या लोकरीशेजारी तर नकोच.

रानजाई

लोकर आणली! लाल, हळदी, पोपटी, जांभळी, पांढरी, काळी आणि चोचींना नारिंगी. लाल भिजवून बघितली, रंग अजिबात गेला नाही.

पहिला चौकोन सुरू केलाय. पण तो चौकोन न होता वर रुंद होत चाललाय. घातले १८ टाके, आता सुईवर २३ आहेत. मी मधे कुठेच टाके वाढवलेले नाहीत. हे कुठून येतात?

उलटसुलट

हे सगळ्यांचं होतं, आणि याची जागा जवळजवळ नेहमी एकच असते: ओळीचा पहिला टाका.

सुया बदलून नवी ओळ सुरू करताना तुझा धागा कुठे असतो ते बघ. धागा सुईवरून मागे ओढला गेला असेल तर खालच्या ओळीचा टाका वर खेचला जातो आणि एका टाक्याचे दोन पाय सुईवर दोन टाक्यांसारखे दिसतात. दोन्ही विणले की एक टाका वाढला. प्रत्येक ओळीला असं झालं की काठ तिरका होत जातो. म्हणून ओळ सुरू करताना धागा आधी सुईच्या खाली आण आणि खालूनच मागे ने, सुईवरून नाही. मग पहिला टाका एकच दिसेल.

काठावर नसून मधेच टाका वाढला असेल तर तिथे एक छोटं भोक दिसेल. म्हणजे विणता विणता धागा पुढे येऊन सुईवर चढला. चार पदरी लोकरीत सुईचं टोक धाग्याच्या पदरांमधे घुसून एका टाक्याचे दोन झाले असंही होतं. ते बारीक बघितलं की दिसतं, टाका अर्धवट, बारीक वाटतो.

आता या चौकोनाचं काय करायचं? उसव आणि परत घाल. १८ टाक्यांचंच काम आहे, आणि ॲक्रिलिक उसवून पुन्हा विणलं तरी चालतं. दर ओळीच्या शेवटी टाके मोजायची सवय लाव. १८ मोजायला क्षणभर लागतो आणि चूक कळली तर एकच ओळ मागे जावं लागतं.

रानजाई

काठाचंच होतं! आता बरोबर १८ राहतायत. उलटसुलट, तुमचे उपकार कसे मानू. चौकोन खरोखर चौकोन झाला, कोपरा दुमडून बघितला, जुळला.

पुढचा प्रश्न. सगळ्या चिमण्या एकरंगी करू की पट्ट्यांच्या? पट्टे करून बघितले तर रंग बदलतो तिथे एका बाजूला सरळ रेघ येते आणि दुसऱ्या बाजूला दोन्ही रंगांचे ठिपके. कोणती बाजू बाहेर ठेवायची? आणि दुमडल्यावर घडीची बाजू वर की खाली? घडी वर ठेवली तर पाठ सरळ दिसते, खाली ठेवली तर पाठीवर टेकाड येतं.

माईनाशिक

घडी वर ठेव. पाठ सरळ, काटकोनाचं टोक खाली, ते पोट. टोक आत ढकलून दोन टाके घातलेस की पोट गोल होतं. गोंडस दिसते.

पेठकर

माई, एक विचार मांडू का? ही चिमणी आपण बाजूनं बघतोय. बाळ पाळण्यात उताणं असणार, ते खालून बघणार. घडी वर ठेवली तर बाळाला दिसणार ती शिवण, तीही नवशिक्या हाताची. घडी खाली ठेवली तर बाळाला एकसंध विणलेलं पोट दिसतं, शिवण दोन्ही बाजूंनी वर जाते आणि काटकोनाच्या टोकाला दोरी बांधली की वजनही बरोबर मधे येतं. जुन्या कापडी चिमण्या तशाच टांगलेल्या असायच्या, वरच्या टोकातून दोरा, खाली फुगलेलं पोट.

आणि चौकोनात आडवे पट्टे असतील तर घडीवर ते तिरके येतील. खालून बघणाऱ्याला चोचीपासून शेपटीपर्यंत तिरक्या पट्ट्यांचं पोट दिसेल.

माईनाशिक

पेठकर, अगदी बरोबर बोललात. इतकी वर्षं चिमण्या केल्या, शोकेसमध्ये ठेवायच्या म्हणून केल्या. पाळण्यातून बघितलं पाहिजे. रानजाई, घडी खाली, दोरी वरच्या टोकाला, पाठीचं टेकाड पंखांनी झाकलं जाईल. पेठकरांचं ऐक.

तुळसवृंदा

पेठकर, हा मुद्दा मला फार आवडला, आणि बाळाच्या नजरेबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्याच्याशीही तो जुळतो. जन्मल्यावर बाळाला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते २० ते ३० सेंटिमीटरवरचं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. रंगांमधले बारीक फरक त्याला कळत नाहीत, पण गडद-उजेडाचा विरोध कळतो. म्हणून दोन चिमण्यांची पोटं काळ्या-पांढऱ्या रुंद पट्ट्यांची करा, एक लाल-पांढरी. हळदी आणि पोपटी शेजारी शेजारी ठेवले तर आपल्याला छान दिसतात, बाळाला सुरुवातीला दोन्ही सारखेच. तिसऱ्या महिन्याच्या आसपास हलणाऱ्या वस्तूमागे नजर नीट फिरायला लागते, आणि चार-पाच महिन्यांनी रंग चांगले ओळखू येतात. तेव्हा बाकीच्या चिमण्यांची पाळी येईल.

उलटसुलट

पट्ट्यांचं सांगते. रंग नेहमी सरळ बाजूची ओळ सुरू करताना बदल, म्हणजे रेघ सरळ येते आणि ठिपके मागे जातात. सरळ बाजू लक्षात राहावी म्हणून तिथे एक सेफ्टी पिन लाव, शिवायच्या आधी आठवणीनं काढ. प्रत्येक पट्टा सम ओळींचा ठेव, मग धागा नेहमी एकाच काठाला येईल. तीन रंगांना सहा-सहा रेघा, म्हणजे १२-१२ ओळी. काळ्या-पांढऱ्याला तीन-तीन रेघांचे सहा पट्टे कर.

रंग बदलताना प्रत्येक वेळी धागा तोडायची गरज नाही, बारीक पट्ट्यांत दुसरा धागा काठावरून वर नेता येतो, फक्त ओढून धरू नकोस, काठ चुरगळतो. तोडलास तर एक वीत टोक सोड. खेळण्यात ही टोकं लपवायचा त्रास नाही, गाठ पक्की करून आत ढकलायची.

रानजाई

हे वाचताना मला फार आनंद होतोय. बाळाला खालून दिसणार हे लक्षात आल्यापासून मी प्रत्येक चौकोन विणून झाला की डोक्यावर धरून बघते.

आता तीन चौकोन तयार. भरणीचं विचारायचं होतं. घरात सावरीचा कापूस आहे, उशीचा. तो चालेल का? आणि आईचा आग्रह आहे की प्रत्येक चिमणीत घुंगरू हवंच, आवाजाशिवाय चिमणाळं कसलं.

साखळीखांब

सावर नको. धुतली की तिचे गोळे होतात आणि आत वाळत नाही. साधा कापूसही तसाच. पॉलिस्टरची भरण घे, दुकानात रेक्रॉन म्हणून मागितलीस तरी देतात. कुस्करून एकदम कोंबू नकोस, छोटे छोटे तुकडे विंचरल्यासारखे मोकळे करून टाक, आधी कोपऱ्यांत, मग मधे. फार भरलीस तर टाके ताणून भरण दिसते.

माईनाशिक

घुंगराबद्दल मी तुझ्या आईच्या बाजूनं. आमच्याकडे प्रत्येक चिमणाळ्याला घुंगरं असतात. वाऱ्यानं किंवा झोक्यानं बारीक आवाज होतो, बाळ तिकडे बघतं.

तुळसवृंदा

माई, आवाज बाळाला आवडतो हे खरंच आहे. भीती घुंगराच्या आकाराची आहे. लहान मुलांच्या खेळण्यांच्या तपासणीत एक ठरावीक नळकांडं वापरतात, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. जो सुटा भाग त्यात पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही, कारण तो घशात अडकू शकतो. आपल्याकडच्या आयएस ९८७३ मानकातही ही तपासणी आहे. घुंगरू त्यात सहज मावतं, मणी मावतो, बटण मावतं. बाहेर लोंबणारं घुंगरू तर नकोच. विणलेल्या पोटात ठेवलं आणि वीण कुठे सुटली तरी ते बाहेर येणार.

माईनाशिक

तर मग असं केलं तर? घुंगरं चिमण्यांना नकोत, वर रिंगेच्या गाठीपाशी एकच मोठी घंटी बांधायची. ती बाळापासून दूर असते, आणि पाळणा हलला की वाजते. तुळसवृंदा, हे चालेल का?

तुळसवृंदा

ती पक्की बांधलेली असेल आणि बाळाचा हात कधीच पोचणार नाही एवढी वर असेल तर माझी हरकत नाही. पण बांधणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा. आठवड्यातून एकदा सगळ्या गाठी ओढून बघायच्या.

दोन गोष्टी अजून. चिमणाळं कायम पाळण्यावर ठेवायचं नाही. बाळ हातांवर जोर देऊन उठायला लागलं, किंवा पाच महिने पूर्ण झाले, यातलं जे आधी होईल तेव्हा ते काढायचं. तेव्हा त्याचा हात दोरीपर्यंत पोचतो आणि दोरी गळ्याभोवती अडकू शकते. आणि पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या पाळण्यात कुठलंच मऊ खेळणं, उशी, भरलेली चिमणी ठेवायची नाही. हे बहिणीला चिठ्ठीवर लिहून चिमणाळ्यासोबतच द्या. भेट म्हणून आलेली वस्तू काढून ठेवायला आयांना संकोच वाटतो, तुम्हीच लिहून दिलंत तर वाटणार नाही.

रानजाई

चिठ्ठीची कल्पना घेतली. सुंदर अक्षरात लिहीन, चिमणीचं चित्र काढून. आईलाही घंटीचं पटलं.

पाचही चिमण्या झाल्या. लाल-पांढरी सगळ्यात छान आली आहे, तिचे काठ अगदी सरळ आहेत. पहिली काळी-पांढरी आणि शेवटची हळदी शेजारी ठेवल्या तर हात किती बसलाय ते दिसतं. आता टांगायचं कसं? कितीही बांधलं तरी रिंग एका बाजूला कलते.

पेठकर

रिंगेवर आधी तीन खुणा करा, सारख्या अंतरावर. २० सेंटिमीटरच्या रिंगेचा परीघ साधारण ६३ सेंटिमीटर, म्हणजे दर २१ सेंटिमीटरला एक. रिंगेभोवती दोरा गुंडाळून त्याचे तीन भाग केलेत तरी चालेल. या तीन जागी सारख्या लांबीच्या तीन दोऱ्या बांधून वर एकत्र गाठ. चिमण्या न लावता आधी नुसती रिंग टांगून बघा. ती आडवी सपाट राहिली पाहिजे. तिथेच कलली तर दोऱ्यांची लांबी चुकलीय.

मग चिमण्या समोरासमोर जोडीनं लावा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येक चिमणी तोलून घ्या. ज्या दोन सारख्या वजनाच्या त्या समोरासमोर. नवशिक्या हातात भरण कमी-जास्त होतेच, त्यामुळे हे महत्त्वाचं. दोन जोड्या झाल्या की पाचवी वरच्या मुख्य गाठीतून सरळ खाली सोडायची, रिंगेच्या मधून. तिच्या वजनानं तोल बिघडत नाही.

दोरी लोकरीची नको, ती ताणते आणि चिमणी हळूहळू खाली येते. सुती जाड दोरा घ्या. चिमणीच्या टोकातून नुसता ओवू नका, आत दोन-तीनदा फिरवून शिवणीत पक्का करा, म्हणजे कुणी ओढली तरी वीण फाटणार नाही. आणि चिमणाळं पाळण्याच्याच वरच्या कडीला बांधा. छताच्या वेगळ्या हुकाला बांधलं तर पाळणा हलताना बाळ खालून सरकतं आणि चिमण्या एका जागी राहतात.

रानजाई

सपाट राहिली!! वजनकाट्यावर लाल-पांढरी आणि पोपटी अगदी सारख्या निघाल्या, काळ्या-पांढऱ्या दोघी समोरासमोर, हळदी मधे. घंटी वर.

मंडळी, मी मावशी झाले! मुलगी झालीय, दोघी छान आहेत. चिमणाळं बॅगेत सगळ्यात वर ठेवलंय. चिमण्यांच्या दोऱ्या गुंतू नयेत म्हणून प्रत्येक चिमणी वेगळ्या कागदात गुंडाळलीय.

माईनाशिक

अभिनंदन गं! लेक आली, आता झबल्यांना फुलं भरता येतील. दोऱ्यांना कागदाच्या गुंडाळीवर गुंडाळून नेलंस तर तिथे सोडवायला पाच मिनिटं लागणार नाहीत.

उलटसुलट

खूप अभिनंदन, रानजाई. प्रवासात चपट्या झाल्या तर इस्त्री अजिबात लावू नकोस. ॲक्रिलिक गरम इस्त्रीखाली कायमचं मरगळतं, वीण लोळागोळा होते आणि परत कधी उठत नाही. हातानं थोपटून आकार दे, बस.

रानजाई

बारसं झालं, आत्यानं कानात नाव सांगितलं, पाळणा म्हटला, आणि आईनं सगळ्यांसमोर चिमणाळं बांधलं. बाळ सध्या झोपतंय जास्त, पण जागी असते तेव्हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या चिमणीकडे थांबून बघते. हळदीकडे अजून नाही. तुळसवृंदाताई, तुम्ही म्हणाला होतात तसंच.

चिठ्ठी बहिणीनं पाळण्याच्या शेजारच्या भिंतीवर चिकटवली आहे. तिनं एकच विचारलं: पाच महिन्यांनी काढल्यावर चिमण्यांचं काय करायचं? कपाटात ठेवायला तिचं मन होत नाही. त्या तिला हातात खेळायला देता येतील का? आणि धुवायच्या कशा?

माईनाशिक

देता येतील, पण तशाच्या तशा नाहीत. दोरी शिवणीच्या मुळापासून कापून काढ, एकही धागा लोंबता नको. घंटी काढून ठेव. डोळे आणि चोच पुन्हा एकदा दुहेरी दोऱ्यानं भरून घे, बाळ पहिलं तिथेच तोंड लावणार. पंख एकाच काठानं शिवलेत ना? आता दोन काठांनी शिव, नाहीतर बोट अडकतं. मग प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी जोरात ओढून बघायची, टाका उकलला तर तिथे परत शिवायचं.

धुवायला कोमट पाणी आणि बाळाच्या कपड्यांचा सौम्य साबण. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळवायचं, आतून ओलं राहिलं तर वास येतो. पावसाळ्यात पंख्याखाली ठेव.

तुळसवृंदा

आणि जागी असताना, कुणी जवळ असताना खेळायला. झोपताना चिमणी पाळण्याबाहेर.

साखळीखांब

रानजाई, आता वेळ आहे तर क्रोशा शिकतेस का? तिच्या पहिल्या वाढदिवसाला जिराफ करू.

रानजाई

हो! पण जिराफ दोन सुयांवरच. उलट टाका आता जमतो. पाय आधी विणते, चारही सारखे झाले की इथे विचारायला येते.